मागल्या तारखेचा आजार

पहिली पोळी गाईला आणि शेवटची कुत्र्याला, हा व्यापारी घरांतील जुना रिवाज. त्या काळी कुत्रा दाराबाहेर असे. पेढीच्या पायरीवर झोपे, गल्लीची राखण करी आणि आजारी पडलाच तर कोठेतरी आडोशाला जाऊन आपला आपण बरा होई किंवा न होई. आता तो ठाण्याच्या वा डोंबिवलीच्या सातव्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. त्याला नाव असते, लसीकरणाचे पुस्तक असते, आणि शाळेतून आलेले मूल दप्तर टाकण्याआधी त्याच्या गळ्यात पडते. त्यामुळे त्याचे आजारपण हे आता घराचेच आजारपण झाले आहे. त्यांतील एक आजार घराला विशेष बेसावध गाठतो. तो म्हणजे रक्त न गोठण्याचा.

त्याचे रूप बहुधा असे असते. रविवारी संध्याकाळी धावणारा श्वान गुरुवारी सकाळी उठत नाही. वाटी पुढे केली तर वास घेऊन मान वळवतो. ओठ वर करून पाहिले तर गुलाबी हिरड्या पांढुरक्या झालेल्या असतात, अथवा त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटलेले असतात. पोटाच्या केस नसलेल्या भागावर निळसर-जांभळा डाग दिसतो. नाकातून रक्ताची बारीक धार लागते, शी डांबरासारखी काळी होते, लघवी तांबूस होते. कधी यांपैकी काहीच नसते. केवळ खोकला आणि धाप असते, कारण रक्त बाहेर न येता छातीच्या पोकळीत साचत असते. घरचे लोक तर्क करतात की उष्मा लागला असेल, जिन्यावरून पडला असेल, खाली दुसऱ्या कुत्र्याने धरले असेल. संध्याकाळपर्यंत पाहू, असे ठरते. हे ‘संध्याकाळपर्यंत’ पुष्कळदा फार महाग पडते. गुरुवारी जे दिसते ते रविवारी, किंवा त्याही आधी, घडून गेलेले असते. खतावणीच्या भाषेत सांगायचे तर नोंद आजची दिसली तरी व्यवहार मागल्या तारखेचा असतो.

हे असे का होते ते समजून घेण्यास वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. नळ गळू लागला की आपण प्रथम बोळा कोंबतो आणि मग त्यावर सिमेंट लावतो. शरीरही तेच करते. रक्तवाहिनीला छिद्र पडताच प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण तेथे धावून बोळा भरतात, आणि यकृतात तयार होणारी काही प्रथिने त्यावर जाळे विणून तो पक्का करतात. बोळा संपला तरी रक्त वाहते, सिमेंट संपले तरी वाहते. दोहोंची कारणे मात्र निराळी आणि उपचारही निराळे. म्हणूनच केवळ रक्त थांबवण्याचे इंजेक्शन द्या, असा आग्रह डॉक्टरांपाशी धरण्यात अर्थ नसतो.

आपल्या दमट प्रदेशात प्लेटलेट घटण्याचे पहिले संशयित कारण म्हणजे गोचीड. तपकिरी रंगाची श्वानगोचीड घराच्या भिंतींच्या भेगांत, पडद्यांच्या घड्यांत, खाटेच्या सांध्यांत सुखाने राहते आणि एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात शिरतात आणि एक ते तीन आठवड्यांनी ताप, सुस्ती व रक्तस्राव दिसू लागतो. तोवर गोचीड गळून पडलेली असते. ‘आमच्याकडे गोचीड नाहीच’ असे घरचे लोक शपथेवर सांगतात आणि ते खोटेही बोलत नसतात. निरोगी श्वानाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात. त्या तीस-चाळीस हजारांच्या खाली उतरल्या की जखम नसतानाही रक्त झिरपण्याची भीती उत्पन्न होते. या तापावर डॉक्सिसायक्लिन हे औषध सामान्यतः चार आठवडे दिले जाते. अनेक घरांत ते चौथ्या दिवशी श्वान उठून जेवू लागताच बंद होते, आणि आजार पुन्हा डोके वर काढतो. याखेरीज एक प्रकार असा की ज्यात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा आपल्या प्लेटलेटना परके समजून नष्ट करते. त्यासाठी स्टेरॉइड द्यावे लागते आणि ते महिनोन्‌महिने हळूहळू उतरवावे लागते. मध्येच आपल्या मनाने गोळी सोडणे येथे विशेष धोक्याचे.

दुसरा प्रकार यकृतातील प्रथिनांचा, आणि व्यापारी घरांचा या प्रकाराशी जवळचा संबंध आहे, कारण त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे उंदीर मारण्याचे औषध. ब्रोमाडायोलोन असलेल्या छोट्या रंगीत वड्या किराणा दुकानांत आणि कीटकनाशकांच्या दुकानांत सहज मिळतात. रक्त गोठवणाऱ्या चार प्रथिनांना के जीवनसत्त्व लागते. यकृत एकदा वापरलेले के जीवनसत्त्व पुन्हा ताजे करून वापरते, जणू एकच भांडवल वर्षात अनेकदा फिरवावे तसे. हे विष ते फिरवणेच थांबवते. त्या क्षणी काहीही बिघडलेले दिसत नाही, कारण रक्तात तयार प्रथिनांचा साठा शिल्लक असतो. दुकानात नवा माल येणे बंद झाले तरी फळीवरचा माल संपेपर्यंत गिऱ्हाइकाला काय कळणार? या चार प्रथिनांपैकी एकाचा साठा तर काही तासांतच निम्मा होतो, बाकीचे दोन-तीन दिवसांत उतरतात, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सारे एकदम रिकामे झाल्याचे ध्यानात येते. श्वानाने वडी खाल्ली नसेल, नुसता तिने मेलेला वा अर्धमेला उंदीर खाल्ला असेल, तरीही धोका उरतोच.

या विषाचा शोध लागला तो गुरांच्या गोठ्यात. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दाराशी आला. लिंक आणि त्याच्या सहकाऱ्यांना चाऱ्यातील दोषी द्रव्य वेगळे करण्यास सहा वर्षे लागली. त्यातूनच १९४८ मध्ये वॉरफरिन हे उंदरांचे औषध बाजारात आले, आणि १९५० च्या दशकात तेच माणसांच्या हृदयविकारात रक्त पातळ ठेवण्यासाठी वापरले जाऊ लागले. याच घराण्यातील असिट्रोमची गोळी आज अनेक घरांत आजोबांच्या डबीत असते. ती फरशीवर पडली आणि श्वानाने चाटली, तर उंदराच्या वडीने जे होते तेच होऊ शकते. उताऱ्याचा इतिहासही तितकाच जुना आहे. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम याला कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांत रक्तस्राव थांबवणारे द्रव्य सापडले. गोठणे या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर घेऊन त्याला ‘के’ हे नाव मिळाले, आणि या कामासाठी १९४३ चे नोबेल पारितोषिक त्याला विभागून देण्यात आले.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना श्वानाइतकेच महत्त्वाचे असते ते वेष्टन. गोदामातील, माळ्यावरील, शेजाऱ्याच्या दुकानातील जे काही औषध असेल त्याचे पाकीट हाती घेऊन जावे. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडही वापरले जाते आणि ते सर्वस्वी निराळे विष आहे. ते पोटात गेल्यावर विषारी वायू तयार होतो, ते तासांत मारते, आणि त्यावर के जीवनसत्त्वाचा काही उपयोग नाही. ‘उंदराचे औषध खाल्ले’ एवढे सांगणे म्हणजे ‘पैसे दिले’ एवढेच सांगून रक्कम न सांगण्यासारखे आहे. खाताना प्रत्यक्ष पाहिले असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या काही तासांत डॉक्टर उलटी करवून विष बाहेर काढू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजून हा प्रयोग करणे घातक. तसेच अंग दुखत असेल म्हणून घरातील अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन वा पॅरासिटामॉल देणे म्हणजे गळक्या पिंपाला आणखी एक भोक पाडणे होय.

रात्री अकरा वाजता डोंबिवलीच्या एखाद्या घरात हा प्रसंग उभा राहिला की खरी कसोटी लागते. जवळचा दवाखाना बंद झालेला असतो. परळचे बाई साकराबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे, महालक्ष्मीला टाटा न्यासांचे नवे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एसपीसीएचे केंद्र आहे. पण शिळफाट्याची वाहतूक ओलांडून तेथे पोहोचणे ही निराळीच परीक्षा. कोणते ठिकाण रात्री उघडे असते, कोठे रक्तगणना आणि रक्त गोठण्याच्या वेळेची तपासणी त्याच वेळी होते, हे दूरध्वनीवरून आधी विचारून मगच गाडी काढणे शहाणपणाचे. वाटेत श्वानाला उचलताना पोटाखाली हात घालून दाबू नये. चादरीची झोळी करावी. गळ्याचा पट्टा काढून ठेवावा, कारण गळ्याशी साधा हिसका बसला तरी तेथे रक्त साचू शकते.

रुग्णालयात पोहोचल्यावर बहुधा एक वाक्य ऐकू येते की रक्त द्यावे लागेल, दाता आणा. के जीवनसत्त्व दिले तरी नवी प्रथिने तयार होण्यास सहा ते बारा तास लागतात, आणि तेवढा वेळ काढण्यासाठी दुसऱ्या श्वानाचे रक्त किंवा त्यातील प्लाझ्मा हाच आधार असतो. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात श्वानांची रक्तपेढी आहे. मात्र आपल्याकडे घरोघरच्या अनुभवात दाता शोधणे हे काम अद्याप मालकावरच येऊन पडते. जून २०२४ च्या अखेरीस रतन टाटा यांनी समाजमाध्यमावरून मुंबईकरांना मदतीची विनंती केली होती, ती अनेकांना आठवत असेल. त्यांच्या रुग्णालयात सात महिन्यांचा एक श्वान गोचीड-तापाच्या संशयाने आणि जीवघेण्या रक्तक्षयाने दाखल होता आणि त्याला तातडीने रक्त हवे होते. दात्याच्या अटीही त्यांनी दिल्या होत्या. वय एक ते आठ वर्षे, वजन सुमारे पंचवीस किलो वा अधिक, लसीकरण व जंतनाशन पूर्ण, मोठा आजार झालेला नसावा, आणि गेल्या सहा महिन्यांत अंगावर गोचीड वा पिसवा नसाव्यात. लोक धावून आले आणि दाते मिळाले. शहाऐंशी वर्षांच्या त्या उद्योगपतीपाशी नव्हते असे काय होते? तरीही पिशवीभर रक्तासाठी त्यांना शहराकडे मागणे करावे लागले. ते विकत मिळत नाही.

त्या अटी नीट वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. सदनिकांत लाडाने वाढणारे पग, पॉमेरेनियन, शिहत्झू यांपैकी कोणीही दाता होऊ शकत नाही. ते लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या श्वानांचे काम आहे. म्हणून संकुलातील आणि ओळखीतील मोठे श्वान कोणाकडे आहेत, त्यांचे मालक तयार होतील काय, हे शांत दिवसांतच विचारून ठेवावे. रात्री अकराला अनोळखी दारावरची घंटा वाजवून ‘तुमच्या कुत्र्याचे रक्त द्या’ म्हणणे दोन्ही घरांना कठीण जाते. रक्त मानेच्या शिरेतून काढतात. मोठ्या श्वानाकडून एका वेळी साधारण साडेचारशे मिलिलिटर घेतात आणि निरोगी श्वान ते काही आठवड्यांत भरून काढतो. श्वानांचे रक्तगट माणसांहून निराळे आहेत. पहिल्या वेळी गट न जुळूनही बहुधा मोठी प्रतिक्रिया येत नाही, मात्र दुसऱ्या वेळी जुळणी केल्यावाचून देणे धोक्याचे. गंमत अशी की रक्तसंक्रमणाचा आरंभच श्वानांपासून झाला. १६६५ मध्ये ऑक्सफर्डच्या रिचर्ड लोअरने एका श्वानाचे रक्त दुसऱ्या श्वानाला यशस्वीपणे दिले. माणसाची पाळी त्यानंतर आली.

येथे अहिंसेचे व्रत सांभाळणाऱ्या घरांना एक प्रश्न पडतो आणि तो टाळण्याजोगा नाही. दाता श्वान संमती देऊ शकत नाही. मग त्याच्या वतीने ती कोणी द्यावी? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर एवढेच आहे की जो श्वान डॉक्टरांच्या हाताखाली शांत बसतो त्याचेच रक्त घ्यावे आणि जो थरथरतो, मागे सरतो, त्याला सोडून द्यावे. चांगले डॉक्टर तसेच करतात. दाता आपला असो वा दुसऱ्याचा, त्याला जबरीने धरून ठेवण्याची वेळ आली तर तो दाता राहत नाही.

खर्चाचा विषयही त्याच रात्री निघतो. एक काका म्हणतात, एका कुत्र्यासाठी एवढे? कोपऱ्यात उभी असलेली नात काही बोलत नाही. रुग्णालयाकडून अंदाजपत्रक लेखी मागावे, रोजची रक्कम आणि संभाव्य दिवस विचारावेत, आणि घराने आपली मर्यादा आपसांत ठरवावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. श्वानाचा विमा काही सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, मात्र त्यात वयाच्या आणि प्रतीक्षाकाळाच्या अटी असतात, तेव्हा आजारपण आल्यावर त्याची आठवण होऊन उपयोग नसतो. कधी मेंदूत वा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन आशा उरत नाही आणि डॉक्टर दयामरणाचा विषय काढतात. अनेक घरे तो नाकारतात. नाकारले तरी वेदनाशमन, प्राणवायू आणि शांत जागा हे सर्व मागता येते, आणि ते मागावे. ‘काही करू नका’ आणि ‘मारू नका’ यांत मोठे अंतर आहे.

श्वान वाचला तरी घरात एक गोष्ट उरते. ती वडी ठेवली कोणी? व्यापारी घरांत बहुधा कोणीच हाताने ठेवलेली नसते. घरी उंदीर पिंजऱ्यात धरून लांब सोडतात. गोदामात मात्र कीटकनियंत्रणाचे वार्षिक कंत्राट असते. खाद्यपदार्थांचा व्यवहार करणाऱ्यास उंदीर-कीटकांचा बंदोबस्त ठेवणे कायद्याने आवश्यकच आहे. त्या कंत्राटाच्या कागदावर सही होते, दर तीन महिन्यांनी माणूस येऊन काळे डबे बदलून जातो, बिल चुकते होते, आणि डब्यांत काय आहे हे वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही. १८३२ मध्ये कंपनी सरकारने रस्त्यावरील कुत्रे मारण्याचे सत्र चालवले तेव्हा मुंबईत पारशी, हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली होती, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, तेथे पांजरपोळ उभी राहिली. त्याच परंपरेच्या घरांच्या गोदामांमागे आज गल्लीतले कुत्रे आणि मांजरी विषारी उंदीर खाऊन कोठेतरी आडोशाला जाऊन संपतात. घरच्या श्वानाचे निदान कारण तरी शोधले जाते. त्यांचे कोणी शोधत नाही. दरवाज्याखालची फट पत्र्याने बुजवणे, पोती भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून उंच मांडणे, सांडलेले धान्य त्याच संध्याकाळी झाडणे, पिंजरे लावणे हे सारे कंत्राटात लिहून घेता येते. कंत्राटदार कुरकुरतो, दर वाढवून मागतो, पण करतो.

घरी परतल्यावरचे दिवस कंटाळवाणे असतात, आणि तेच महत्त्वाचे. ब्रोमाडायोलोनसारखे विष यकृतात काही आठवडे ठाण मांडून असते, म्हणून के-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या साधारण तीन ते चार आठवडे द्याव्या लागतात. ती गोळी स्निग्ध अन्नासोबत अंगी लागते. तूप लावलेल्या पोळीचा तुकडा पुरे, वाटीभर तूप नको. दुकानदार के-३ देऊ करील तर घेऊ नये, त्याचा या आजारात उपयोग होत नाही. या काळात जिने नकोत, चेंडूमागे धावणे नको, कडक हाड वा काठी चघळणे नको. मुलांना हे समजावणे श्वानाला समजावण्याहून अवघड जाते. रोज सकाळी ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. डॉक्टरांना त्या वहीचा आपल्या वर्णनापेक्षा अधिक उपयोग होतो.

गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला असे होत नाही. शेवटच्या गोळीनंतर अट्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी रक्त गोठण्याची वेळ पुन्हा तपासतात. यकृतात विष उरले असेल तर ते तेव्हाच उघडे पडते, आणि गोळ्या आणखी काही आठवडे चालवाव्या लागतात. ते दोन-तीन दिवस श्वान अगदी धडधाकट दिसतो, दारावरच्या घंटेला भुंकतो, सकाळी फिरायला ओढतो. आणि घरातील मोठी माणसे त्याच्या हिरड्या दिवसातून चार वेळा पाहत राहतात.